फिरंगी वैद्याचे बिऱ्हाड

मुंबई बेट एके काळी एका वैद्याकडे खंडाने होते, असे सांगितले तर आज कोणी विश्वास ठेवणार नाही. पण गोष्ट खरी आहे. पोर्तुगालच्या राजाच्या वतीने १५५० च्या आगेमागे ते बेट त्याच्या नावे करून देण्यात आले आणि त्याबद्दल त्याने दरसाल चौदाशेवर काही पारदाव सरकारात भरावेत असे ठरले. पारदाव हे ‘प्रताप’ या आपल्याकडच्याच नाण्याचे फिरंगी जिभेवर झालेले रूप. एवढ्या पैशात आज मुंबईत काय मिळेल, हा हिशेब वाचकांनी दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घालून पाहावा. बेटावर त्या वेळी माड होते, भातखाचरे होती, कोळ्यांची वस्ती होती आणि आंब्याची झाडे होती. त्यांतले एक झाड भलतेच गुणी निघाले. ते वर्षातून दोनदा फळे, एकदा नाताळच्या सुमारास आणि एकदा मे महिन्याच्या शेवटी. वैद्यबुवा स्वतः राहत गोव्याला. मुंबईचे त्यांचे कूळ आंब्याची करंडी गलबतातून गोव्यास आणी, आणि ते आंबे पोर्तुगीज गव्हर्नरसाहेबांच्या मेजावर भेट म्हणून जात.

या वैद्याचे नाव गार्सिया द ऑर्ता. पोर्तुगालच्या सरहद्दीवर कास्तेलो द विदे नावाचा डोंगरी गाव आहे, तिथला हा राहणारा. जन्म १५०१ च्या सुमाराचा. स्पेनातल्या सालामांका आणि अल्काला या विद्यापीठांत वैद्यक शिकला, परत येऊन गावात रोगी तपासले, मग लिस्बनला विद्यापीठात शिकवू लागला. आणि १५३४ च्या मार्च महिन्यात सारे सोडून मार्तिम आफोन्सो द सोझा या आरमारी सरदाराचा वैद्य म्हणून जहाजात चढला. सप्टेंबरात गोव्यास उतरला. पहिली चार वर्षे आरमाराबरोबर दीव, गुजरात, कोचीन अशी भटकण्यात गेली. त्यानंतर त्याने गोव्यात घर केले. मरेपर्यंत तो तिथून हलला नाही. मृत्यू १५६८ मधला. म्हणजे या देशात त्याची चौतीस वर्षे गेली.

गोव्यात फिरंगी त्या काळी थोडे का येत! कित्येक तापाने आणि अतिसाराने पहिल्या एकदोन पावसाळ्यांतच जात. जे उरत ते पैसा गाठीला बांधून परतीच्या जहाजाची वाट पाहत. लिस्बनची जहाजे वर्षातून एकदाच येत. मार्च-एप्रिलात तिकडून निघायची, पावसाळी वाऱ्यांचा हात धरून सप्टेंबरच्या आसपास इकडे लागायची, आणि उलटे वारे सुटले की डिसेंबर-जानेवारीत परत फिरायची. आईला पत्र घातले तर तिचे उत्तर हातात पडायला दीड-दोन वर्षे लागत. तोवर पत्रातली दुखणी बरी झालेली असत किंवा माणूस तरी गेलेले असे. आमच्या आळंदीपासून चाकण अगदी जवळ. तिथल्या कारखान्यांत जर्मनीचे, जपानचे, कोरियाचे अभियंते येतात, दोन-तीन वर्षे राहतात. एखादा कधी सुट्टीच्या दिवशी आमच्या घाटावर येतो आणि हातातला फोन उंच धरून त्याच घटकेला घरच्यांना इंद्रायणी दाखवतो. त्याच्या परदेशी राहण्यात आणि ऑर्ताच्या राहण्यात किती अंतर पडले आहे, हे ध्यानात धरूनच पुढचे वाचावे.

ऑर्ताचा संसार आपल्याला कळतो तो त्याच्याच ग्रंथावरून. भारतातील औषधी, फळे आणि मसाले यांवरचा हा ग्रंथ १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून निघाला. छापणारा जुआंव द एंदेम. छपाईत चुका इतक्या की मागे शुद्धिपत्राची पानेच्या पाने जोडावी लागली. कामोंइश हा पोर्तुगीजांचा महाकवी त्या वेळी गोव्यात हलाखीत दिवस काढत होता. त्याची छापली गेलेली पहिली कविता याच ग्रंथाच्या आरंभी आहे. ग्रंथ म्हणजे साठाच्या घरातले संवाद. रुआनो नावाचा, विद्यापीठापासूनचा एक मित्र नुकताच जहाजातून उतरला आहे, ऑर्ताकडे मुक्कामाला आहे, आणि तो प्रश्न विचारतो व ऑर्ता उत्तरे देतो, अशी मांडणी. हा रुआनो कल्पनेतला. मला तर वाटते, पोथ्या पाठ करून आलेला तेहतीस वर्षांचा ऑर्ता म्हणजे रुआनो, आणि तीस पावसाळे अंगावर घेतलेला ऑर्ता त्याला उत्तरे देतो आहे. पोर्तुगीज भाषा मला येत नाही. मार्कहॅम नावाच्या इंग्रजाने १९१३ मध्ये केलेल्या भाषांतरावर माझी सारी भिस्त. पण शास्त्राचा ग्रंथ म्हणून हाती घ्यावा आणि कादंबरीसारखा वाचत सुटावे, असा हा प्रकार आहे. दार वाजते, रोग्याचा निरोप येतो, जेवायची वेळ होते, कोणी भेटीला येतो, आणि बोलणे अर्धे राहते. भरल्या घराचा गजबजाट पानापानांतून ऐकू येतो.

रुआनोने एखाद्या फळाबद्दल विचारले की ऑर्ता हाक मारतो ती आंतोनियाला. ही घरातली पोरगी. ती धावत जाऊन फांदी, पान, फळ तोडून आणते आणि मग पुढची चर्चा चालते. अशीच ती एकदा करंबळे आणते. आपल्या कोकणपट्टीतल्या या आंबटगोड फळाचे नाव पोर्तुगीजांनी उचलले, त्याचा ‘कारांबोला’ केला, आणि पुढे साऱ्या युरोपात ते त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. भिरंडाचेही तसेच. गोवेकर ज्याच्या सोलांची कढी पितात त्या भिरंडाला ऑर्ता ‘ब्रिंदाँव’ म्हणतो. चिंच, बेल, जांभूळ, फणस, प्रत्येकाचे इकडचे नाव काय, गुजरातेत काय म्हणतात, मलबारात काय, अरब काय म्हणतात, हे विचारल्यावाचून त्याला चैन पडत नाही. बेलाला लोक ‘बेली’ म्हणतात आणि वैद्य ‘सिरिफोले’ म्हणतात, असे तो लिहितो. ते आपले श्रीफळ, हे मराठी वाचकाला सांगायला नकोच. एक गंमत मात्र आहे. आज गोवा म्हटले की काजू डोळ्यापुढे येतो, आणि एवढ्या चौकस माणसाच्या ग्रंथात काजूचे प्रकरण नाही. ते झाड पोर्तुगीजांनीच अमेरिकेतून आणले. इथे घरचे होण्याआधी त्यालाही काही वर्षे परदेशी म्हणून काढावी लागली असतील.

या आंतोनियाबद्दल ग्रंथ पुढे काही सांगत नाही. गोव्यात त्या काळी माणसांचा बाजार भरत असे. कोकणातली, गुजरातेतली, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची मुले-माणसे तिथे विकली जात, आणि ठीक चाललेल्या प्रत्येक फिरंगी घरात दासदासी असत. आंतोनिया बहुधा बटीकच असावी. ‘आंतोनिया’ हे नाव तिला बाप्तिस्म्याबरोबर मिळाले असणार. झाडाझुडपांची चार चार भाषांतली नावे विचारणाऱ्या या गृहस्थाला तिचे पहिले नाव लिहून ठेवावेसे वाटले नाही.

उष्ण देशातल्या घराचा पाया म्हणजे स्वयंपाकघर, आणि परका माणूस तिथेच पहिल्यांदा अडखळतो. ऑर्ता अडखळला तो हिंगापाशी. जगातला सर्वांत घाण वास कोणता, तर आपल्या मते हिंगाचा, असे तो बेधडक सांगतो. पण लगेच हेही नोंदवतो की साऱ्या हिंदुस्थानात हिंगाइतका खप दुसऱ्या कशाचा नाही. औषधात तो हवा आणि जेवणातही हवा, आणि ज्याच्या गाठीला दोन पैसे आहेत असा प्रत्येक हिंदू फोडणीसाठी तो विकत घेतोच. त्यावर त्याने एक किस्सा दिला आहे. विजयनगरात एका पोर्तुगिजाचा उमदा घोडा होता. घोड्याला पोटात वारा धरण्याची खोड, म्हणून राजा तो घेईना. पोर्तुगिजाने त्याला हिंग चारला, घोडा खडखडीत बरा झाला आणि राजाने भरपूर पैसे मोजून तो घेतला. कशाने बरा केलास म्हणून राजाने विचारले. हिंगाने, असे कळल्यावर राजा म्हणाला, मग नवल काय, तू त्याला देवांचे अन्न दिलेस. पोर्तुगीज पुटपुटला, देवांचे कसले, सैतानांचे म्हणा! हे तो आपल्या भाषेत आणि हळूच बोलला, हे त्याचे शहाणपण.

हिंगाशी त्याचे जमले नाही, पण आंब्याशी मात्र जमले. आंबे कापून खावेत, मद्यात बुडवून खावेत, साखरेत मुरवावेत, मिठात घालावेत. कैरीच्या पोटात ओले आले आणि लसूण भरून तेला-मिठात ठेवावे, असे सारे प्रकार त्याने लिहिले आहेत. आपल्या आजीच्या बरण्या या परक्या वैद्याने साडेचारशे वर्षांपूर्वी उघडून पाहिल्या होत्या. माडाबद्दल लिहिताना तर त्याची लेखणी थांबतच नाही. ताडी कशी काढतात, तिची दारू आणि गूळ कसा होतो, खोबरे वाळवून कोठे पाठवतात, काथ्याचा दोर समुद्राच्या पाण्यात कुजत नाही म्हणून जहाजांना तोच कसा लागतो, झावळ्यांनी घरे कशी शाकारतात. एका झाडावर माणसाचा सगळा संसार कसा चालतो, हे पाहून तो थक्क झालेला दिसतो.

घरच्या दासदासींकडे भांगेचीही चौकशी त्याने केली, आणि त्यांनी जे सांगितले ते लिहिले. तिथेच गुजरातच्या सुलतान बहादुरशहाची गोष्ट येते. सुलतानाने मार्तिम आफोन्सोला सांगितले म्हणे, की रात्री मला पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान, इराण असे हिंडून यावेसे वाटले तर मी थोडी भांग घेतो, तेवढ्याने भागते. जहाजाचा खर्च वाचतो हे खरेच! धोत्र्याची गोष्ट इतकी हसण्यासारखी नाही. दासी मालकिणीच्या जेवणात धोत्रा कालवीत, बाई वेड्यासारखी हसत सुटे, आणि तेवढ्यात दागिन्यांची पेटी घेऊन दासी पसार होई. अशा घरी धावत जाण्याची पाळी ऑर्तावर आली होती. तो ते चोरीचे प्रकरण म्हणून सांगतो. आज वाचणाऱ्याला त्यात पळून जाऊ पाहणाऱ्या बटकीचा जीवही दिसतो.

पण खरी कसोटी दुखण्यांची. पावसाळा लागला की गोव्यात पटकीची साथ येई. संध्याकाळी हिंडताफिरता माणूस सकाळी गेलेला असे. आपल्याकडे तिला मोडशी म्हणत. पोर्तुगिजांनी त्याचे ‘मोर्देशिम’ केले, आणि फ्रेंचांनी ते ऐकून त्याचा अर्थ चक्क ‘कुत्र्याचे मरण’ असा लावला, कारण त्यांच्या भाषेत तसे दोन शब्द जुळत होते. ऑर्ताने या रोगावर एक पुरा संवाद लिहिला आहे. उन्हाळीशोषी, पोटऱ्यांत गोळे येणे, डोळे खोल जाणे, नाडी बुडणे, सारे त्याने पाहून लिहिले. इकडचे वैद्य काय करतात तेही लिहिले. तांदळाची पेज जिरे-मिरे घालून पाजतात आणि पायाला डाग देतात. पेजेला त्याने ‘कांजी’ हेच नाव ठेवले आहे. पटकीत शरीरातले पाणी आणि क्षार जातात, ते तोंडाने परत दिले तर माणूस वाचतो, हे आजच्या वैद्यकाला विसाव्या शतकात पुरते उमगले. मिठाची पेज देणाऱ्या आयाबायांना त्याचे शास्त्र ठाऊक नव्हते. पण एकुणात ती पेज डागण्यापेक्षा उपकारक होती, यात शंका नाही.

अतिसारावर कुड्याची साल आणि बेलफळ हे आपले जुने उपाय. ते त्याने इथल्या वैद्यांकडून घेतले. मालुपा नावाच्या एका हिंदू वैद्याचा उल्लेख त्याच्या ग्रंथात येतो. विद्यापीठात शिकवून आलेला माणूस देशी वैद्याला विचारतो, त्याचे औषध रोग्याला देऊन पाहतो आणि गुण आला तर ते मान्य करतो, ही गोष्ट त्या काळच्या मानाने लहान नव्हे. युरोपात वैद्यक म्हणजे गॅलन आणि डायोस्कोरिडीस या प्राचीन आचार्यांची वचने. त्यांनी हिंदुस्थानच्या कित्येक वस्तू डोळ्यांनी पाहिल्या नव्हत्या. रुआनो त्यांची वचने पुढे करू लागला की ऑर्ता उखडतो. मी पाहिले ते सांगतो, त्या नावांची भीती मला घालू नका, असा त्याचा रोख असतो. आणि एके ठिकाणी तो सरळ कबूल करतो की स्पेनात असतो तर या आचार्यांविरुद्ध ब्र काढण्याची आपली छाती झाली नसती. हे कबुलीचे वाक्य लक्षात ठेवण्याजोगे आहे. घरापासून इतक्या दूर आल्यावर त्याला बोलायला मोकळीक मिळाली. ती कुठवर, ते पुढे येईलच.

घाटावरही त्याचे जाणेयेणे होते. बालाघाट या शब्दाची फोड करून सांगण्याइतकी त्याला या मुलखाची माहिती झाली होती. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा त्याचा रोगी आणि मित्रही. दोघांची शिकवणी मोठी मौजेची. ऑर्ताने शहाला रोगांची व औषधांची लॅटिन नावे शिकवायची आणि शहाने त्याला अरबी नावे शिकवायची. दरबारात निरोपाचा विडा हातात पडला की उठायचे असते, हेही तो तिथे शिकला असेल. शहाकडून आपल्याला बारा हजारांवर पारदाव मिळाले, आणि वर्षातले काही महिने येऊन राहशील तर चाळीस हजारांची नेमणूक करून देतो असे शहा म्हणत होता, पण आपण ती घेतली नाही, असे त्याने लिहून ठेवले आहे. मुंबईचा खंड चौदाशे आणि ही नेमणूक चाळीस हजार. का घेतली नसावी? तो कारण देत नाही. ते कारण गोव्यातल्या त्याच्या घरात होते असे मला वाटते.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. ऑर्ता गोव्यास उतरला त्या सुमारास, १५३३ मध्ये असे मानतात, निजामशाहीच्याच मुलखात पैठणला एकनाथांचा जन्म झाला. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशाहीच्याच चाकरीत होते. फिरंगी वैद्य शहाच्या दरबारी औषधांची नावे घोकत होता तेव्हा नाथ लहान होते. पुढे माउलींच्या गळ्याला अजानवृक्षाची मुळी लागली, त्यांनी स्वप्नात येऊन सांगितले, आणि नाथ आळंदीस येऊन ती काढून गेले, ही कथा आमच्या गावात लहान पोरही सांगते. तो अजानवृक्ष समाधीजवळ आज आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला दातरंगाच्या जातीत घालतात. गावाने त्याला अजानच ठेवला आहे. ऑर्ता आळंदीस आला असता तर पहिल्या दिवशी त्याने या झाडाचे पान तोडून दहा जणांना नाव विचारले असते, आणि पुजाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या असत्या!

आता त्याच्या घरातले कारण. ऑर्ताचे आईबाप यहुदी होते. १४९२ मध्ये स्पेनने यहुद्यांना देशाबाहेर घालवले तेव्हा ते सरहद्द ओलांडून पोर्तुगालात आले. पाच वर्षांनी, १४९७ मध्ये, पोर्तुगालने तिथल्या साऱ्या यहुद्यांना सक्तीने बाप्तिस्मा दिला. गार्सिया जन्मला तो कागदोपत्री ख्रिस्ती म्हणून. अशा घराण्यांना ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत आणि त्यांच्यावर कायमची नजर असे. शनिवारी धुतलेले कपडे घातले का, डुकराचे मांस टाळले का, शुक्रवारी सांजेला दिवा लावला का, हे शेजारी पाहत. नव्या ख्रिस्त्यांनी राज्याबाहेर जाऊ नये असा हुकूम होता. आरमारी सरदाराच्या पदरी असलेल्या वैद्याला त्यातून वाट मिळाली. तो निघाला १५३४ मध्ये आणि धर्मन्यायालय पोर्तुगालात स्थापन झाले १५३६ मध्ये. वेळ त्याने अचूक साधली.

गोव्यात त्याला हायसे वाटले असणार. ज्या देशात कोणी एकादशीला जेवत नाही, कोणी सोमवारी सायंकाळी सोडतो, कोणाला कांदा चालत नाही आणि कोणाला मासळी चालते पण कोंबडी नाही, त्या देशात एका घरी अमुक वारी अमुक शिजत नाही याचे नवल कोणाला वाटणार? मालुपा वैद्याने ‘आमच्यात नाही चालत’ एवढे ऐकले की त्याचे समाधान झाले असते. धोका होता तो स्वतःच्या लोकांपासून. १५४३ मध्ये, ऑर्ता गोव्यात असतानाच, जेरोनिमो दियाश नावाच्या दुसऱ्या एका नव्या ख्रिस्ती वैद्याला तिथे यहुदी मतांबद्दल जाळण्यात आले. एवढ्याशा शहरात दोघे एकाच धंद्यातले. ऑर्ताच्या ग्रंथात त्याबद्दल एक अक्षर नाही.

१५४९ मध्ये त्याची आई आणि दोन बहिणी गोव्यास आल्या. लिस्बनमध्ये यहुदी म्हणून तुरुंगवास भोगून त्या सुटून आल्या होत्या. त्याने स्वतः लग्न केले होते नात्यातल्या ब्रियांदा द सोलिस हिच्याशी; माहेर पैसेवाले, आणि नवराबायकोचे फारसे पटत नसे असे दिसते. म्हणजे आता घरात आई, बहिणी, मेहुणे, बायको, दोन मुली, दासदासी, आणि दिवसभर येणारे रोगी, सरदार, पाद्री, व्यापारी. या सगळ्यांत एक गोष्ट बंद दाराआड ठेवायची, आणि तीही पिढ्यान्पिढ्या मांजराच्या पावलांनी चालत आलेली. चाळीस हजारांच्या नेमणुकीसाठी वर्षातले काही महिने अशा घरापासून लांब राहणे त्याला कसे परवडावे? शिवाय मुसलमान शहाच्या दरबारी पुष्कळ दिवस राहणारा नवा ख्रिस्ती म्हणजे गोव्यात चर्चेला विषय.

१५६० मध्ये धर्मन्यायालय गोव्यातच आले. हिंदूंची देवळे त्याआधीच पाडली जात होती. आता नव्या-जुन्या बाटलेल्यांची घरे तपासणे सुरू झाले. कितीतरी गोवेकर कुटुंबांनी त्या पुढच्या काळात देव पाठीशी बांधून नदीपलीकडे अंत्रुजात आणि खाली कारवार-मंगळूराकडे बिऱ्हाडे हलवली. ऑर्ता साठीला आला होता. तो कोठे जाणार? त्याने ग्रंथ लिहून काढला. ग्रंथ छापायचा तर परवानगी हवी. म्हणून १५६३ च्या त्या पहिल्या पानावर, विजरईच्या नावाबरोबर, अलेशो दियाश फाल्काँव या गोव्याच्या धर्मन्यायाधीशाचेही नाव आहे. त्याने ग्रंथ पाहिला आणि संमती दिली. त्यात झाडांची नावे होती, हिंग होता, आंबे होते, घारापुरी आणि कान्हेरीच्या लेण्यांचे वर्णन होते. आक्षेपार्ह काही नव्हते. एकच माणूस ग्रंथभर बोलतो, हसतो, रागावतो, जेवतो, रोग्यांकडे जातो, आणि आईबापांचा विषय कधी काढत नाही.

तो १५६८ मध्ये वारला, आपल्या अंथरुणावर. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात त्याची बहीण कातारीना पकडली गेली. चौकशीत तिच्या नवऱ्याने जबानी दिली, की मोझेसचा धर्म हाच खरा असे गार्सिया घरात म्हणत असे. अशा जबान्या कशा घेतल्या जात हे ठाऊक असल्यामुळे मी त्या नवऱ्याला दोष देत नाही. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी गोव्यात कातारीनाला जिवंत जाळण्यात आले. न्यायालयाचे तेवढ्याने भागले नाही. बारा वर्षे मातीत असलेली ऑर्ताची हाडे उकरून काढून ४ डिसेंबर १५८० रोजी तीही जाळली.

इकडे त्याचा ग्रंथ केव्हाच गोव्याबाहेर पडला होता. क्लूसियस नावाच्या एका विद्वानाने त्याचा लॅटिनमध्ये संक्षेप करून तो १५६७ मध्ये अँटवर्पला छापला. १५७४ मध्ये आणि १५७९ मध्ये तो पुन्हा निघाला. म्हणजे हाडे जळाली त्याच्या आदल्याच वर्षी युरोपातले वैद्य त्याच्या आवृत्तीची नवी पाने फाडून उघडत होते, आणि आळंदीची मुळी काढून गेलेले नाथ थोड्याच वर्षांत, १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत पुरी करणार होते. मुंबई पुढे इंग्रजांकडे गेली. तिथे त्याचे जे घर असल्याचे सांगतात त्या जागेभोवती त्यांनी किल्ला उठवला.

घराण्याची ही हकीगत मात्र तीनशेहून अधिक वर्षे न्यायालयाच्या कागदांत पडून राहिली. १८८६ मध्ये ऑर्ताचे पहिले मोठे चरित्र लिहिणाऱ्या फिकाल्योच्या सरदाराला तिचा पत्ता नव्हता. सिल्व्हा कार्व्हाल्यो या पोर्तुगीज डॉक्टरने ते कागद चाळून १९३४ मध्ये ती छापली. पणजीत चर्चजवळच्या नगरपालिकेच्या बागेला ऑर्ताचे नाव आहे. तिथे दुपारी सावलीत म्हातारे पेपर वाचत बसतात आणि बाहेर भेळवाल्यांच्या गाड्या लागतात. कातारीनाचा खटला ज्यात आहे ते दप्तर लिस्बनला आहे.